गडचिरोलीची वेलांटी आणि प्लेअरची नवी आवृत्ती

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

‘गडचिरोली’ हा शब्द लिहिताना ‘चि’ची पहिली वेलांटी आपण ‘च’च्या अलीकडे काढतो. म्हणताना मात्र आधी ‘च’ येतो आणि मग ‘इ’. संगणक बोलण्याचा क्रम पाळतो. त्याच्या पोटात आधी ‘च’ साठवला जातो आणि त्याच्यामागून वेलांटी. पडद्यावर अक्षर काढायची वेळ आली, की ही वेलांटी उचलून ‘च’च्या अलीकडे नेऊन ठेवायची, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. शिकवलेलं नसेल तर तो जशी रांग असेल तशी अक्षरं मांडत जातो. मग वेलांटी ‘च’च्या पलीकडे पडते आणि शेजारच्या ‘र’च्या डोक्यावर जाऊन बसते. ‘चंद्रपूर’ची अवस्था याहून वाईट. तिथे ‘द’चा पाय मोडतो आणि ‘र’ सुटा पडतो. ‘माडिया’मधली वेलांटी जाऊन ‘य’ला चिकटते. म्हणजे आमच्या दोन्ही जिल्ह्यांची नावं आणि जंगलातल्या एका समाजाचं नाव, तिन्ही बिघडली.

हा बिघाड अनेक वर्षं ज्या एका सॉफ्टवेअरमध्ये दिसत असे आणि त्याच्या नव्या आवृत्तीत जो दूर झाला, त्याबद्दल आज बोलायचं आहे. त्याचं नाव व्हीएलसी. संगणकावर गाणी ऐकायचं, चित्रफिती बघायचं साधन, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘प्लेअर’ म्हणतो ते. आणि मी बोलणार आहे ते लिनक्सवरच्या व्हीएलसीबद्दल. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. फरक इतकाच, की ती कुणीही फुकट घ्यावी, दुसऱ्याला द्यावी, आतलं यंत्र उघडून बघावं आणि हवं तर बदलावं, अशी तिला परवानगी आहे. आमच्या भागात जुने, कुणीतरी दान दिलेले संगणक फार. त्यांच्यावर मी बहुतेक वेळा लिनक्सच बसवतो.

आता प्लेअरमध्ये अक्षरांचं काय काम, असं कुणी विचारेल. काम आहे ते चित्राखाली उमटणाऱ्या ओळींचं, सबटायटल्सचं. भामरागड, एटापल्ली या तालुक्यांमध्ये माडिया बोलली जाते. ती गोंडीच्या गोतातली, म्हणजे द्रविड कुळातली. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. तिची नाती तेलुगू, तमिळशी. बुलढाण्याहून किंवा वर्ध्याहून बदली होऊन आलेल्या गुरुजींना वर्गातल्या पोरांचं आपसातलं बोलणं पहिल्या दिवशी एक अक्षर कळत नाही. पोरांना मराठी हळूहळू येते, आश्रमशाळेत राहून पक्की होते, आणि मग उलटंच घडतं. घरी आजीने म्हटलेल्या रेला गाण्यातले जुने शब्द त्यांना कळेनासे होतात. गाण्याचं चित्रण करून त्याखाली मराठी ओळी घातल्या तर गुरुजींनाही अर्थ लागतो आणि नातवालाही. पण त्या ओळी वाचता आल्या पाहिजेत. नुकतं मराठी वाचायला शिकलेल्या मुलासमोर वेलांट्या सैरावैरा पळालेली ओळ ठेवली, तर ते पोर मनातल्या मनात दुरुस्त करून वाचू शकत नाही. तुम्ही-आम्ही कदाचित वाचू. ते मूल एकतर चुकीचं शिकतं किंवा वाचणंच सोडून देतं.

व्हीएलसीचा जन्म पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातला. एकोल सेंत्राल पारी हे त्याचं तेव्हाचं नाव. १९९६ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या नेटवर्कवरून दूरचित्रवाणी बघता यावी म्हणून हा उद्योग आरंभला. रस्त्यावर कामं चालू असताना ठेवतात तो नारिंगी-पांढरा शंकू त्याचं बोधचिन्ह आहे. असे शंकू गोळा करून आणायचा नाद त्या विद्यार्थ्यांना होता, म्हणून. (वसतिगृहातली पोरं जगात कुठेही सारखीच.) २००१ मध्ये महाविद्यालयाने परवानगी दिली आणि हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं झालं. पहिली पूर्ण आवृत्ती, १.०, आली ती २००९च्या जुलैत. २.० आली २०१२ मध्ये, आणि ३.० आली फेब्रुवारी २०१८ मध्ये.

या ३.० आवृत्तीच्या बातम्या तेव्हा आल्या त्या चकचकीत गोष्टींच्या. चारी बाजूंनी फिरवून बघायची चित्रफीत, मोठ्या टीव्हीवर बिनतारी चित्र पाठवणं वगैरे. आमच्या कामाची गोष्ट बदलांच्या यादीत एका ओळीत होती. सबटायटलची अक्षरं काढायच्या भागात आता हार्फबझ वापरलं जाईल, ही ती ओळ.

हार्फबझ हा कुठला प्लेअर नव्हे. तो दुसऱ्या सॉफ्टवेअरांच्या पोटात राहून अक्षरं जुळवायचं काम करतो. नाव फारसीतलं आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे उघडं, खुलं. त्याच्यामागचं मुख्य नाव बेहदाद एस्फहबोद, मूळचे इराणचे. अरबी-फारसीत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं दिसतं, म्हणजे दुखणं आपल्यासारखंच. देवनागरी, तेलुगू, तमिळ, बंगाली या लिप्यांचे नियम त्यात घातले गेले आणि फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस, अँड्रॉइडचे फोन यांच्यात ते जाऊन बसलं. आपण आज मोबाइलवर मराठी सहज वाचतो त्यात त्याचा वाटा आहे. व्हीएलसीत ते २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या आवृत्त्या अक्षरं एकेक करून रांगेत ठेवत. इंग्रजीला, फ्रेंचला तेवढं पुरतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. लिनक्सवर टोटेम नावाचा दुसरा एक प्लेअर होता, ग्नोम नावाच्या मांडणीबरोबर येणारा. तो अक्षरांसाठी पँगो नावाचं दुसरं साधन वापरायचा आणि देवनागरी फार आधीपासून नीट दाखवायचा. मग व्हीएलसीचा हट्ट कशाला? कारण आमच्याकडच्या फायली. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या व्हीसीडी, लग्नाच्या डीव्हीडी, जुन्या बटणवाल्या फोनमधून काढलेल्या चित्रफिती, मेमरी कार्डातून या फोनातून त्या फोनात गेलेल्या अर्धवट फायली. हे सगळं जसं येईल तसं चालवायची व्हीएलसीची रीत. टोटेम दर दुसऱ्या फाइलला ‘अमुक भाग बसवा’ म्हणून अडून बसे. वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळीच्या प्रयोगाची ओरखडे पडलेली व्हीसीडी व्हीएलसी कुंथत का होईना, शेवटच्या अंकापर्यंत नेतो.

तर, नवी आवृत्ती हवी. विंडोजवर काय करतात? संकेतस्थळावर जातात, फाइल उतरवतात, दोनदा क्लिक करतात, झालं. लिनक्सवर असं सहसा होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेतलं नाही तर माणूस वैतागतो.

आमच्या भागात मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या एकेका तलावावर पन्नास जणांच्या धानाच्या बांध्या भिजतात. तलावाच्या तोंडाची उंची बदलायची म्हटली, तर एकट्याच्या सोयीने बदलता येत नाही. वरच्या बांधीला पाणी चढलं की खालची कोरडी पडते. लिनक्समध्ये बहुतेक सॉफ्टवेअरं अशीच सामायिक तलावावर जगतात. चित्रफीत उलगडायचा भाग, अक्षरं काढायचा भाग, आवाज बाहेर टाकायचा भाग, हे सगळे एकदाच बसवलेले असतात आणि दहा सॉफ्टवेअरं ते वापरतात. या भागांना लायब्ररी म्हणतात. विंडोजमध्ये जो तो आपल्या अंगणात विहीर खणतो. जागा जास्त लागते, पण शेजाऱ्याशी भांडण नाही.

म्हणून उबुंटू, डेबियन अशी जी लिनक्सची संचं असतात, ती बाहेर पडताना सगळ्या सॉफ्टवेअरांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवून तिथेच थांबवतात. एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या उबुंटू १६.०४ बरोबर व्हीएलसी २.२ होता. पुढची पाच वर्षं त्या संचाला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या, पण व्हीएलसी २.२ च्या घरातच राहिला. एप्रिल २०१८ च्या उबुंटू १८.०४ मध्ये ३.० आला. म्हणजे नियमित मार्गाने वेलांटी जागेवर आणायची तर सगळा संचच बदलायचा. स्नॅप आणि फ्लॅटपॅक असे दोन आडमार्ग आहेत. त्यांत प्लेअर आपल्या लायब्रऱ्या गाठोड्यात बांधून आणतो, म्हणजे स्वतःची विहीर घेऊन येतो. उतरवायचा आकार मात्र बराच मोठा होतो, आणि ज्या गावात नेटवर्कसाठी माणूस टेकडीवर चढतो तिथे आकार ही मोठी गोष्ट आहे.

डेबियनमध्ये या बाबतीत जे घडलं ते मला फार बोलकं वाटतं. डेबियन हा लिनक्सचा सर्वांत सावध संच. एकदा बाहेर पडला की आवृत्ती बदलायची नाही, हा त्यांचा नेम. पण मे २०१८ मध्ये व्हीएलसीतल्या सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त करायची वेळ आली, तेव्हा त्या दुरुस्त्या जुन्या २.२ मध्ये आणून बसवणं व्यवहारात शक्य नाही असं त्यांनी ठरवलं. नेम बाजूला ठेवून त्या वेळच्या डेबियन ९ मध्ये थेट ३.० घातला. लगेच तलावाचा प्रश्न आला. व्हीएलसीच्या लायब्ररीवर आणखी दोन सॉफ्टवेअरं जगत होती आणि ती नव्याने बांधावी लागली. त्यांतलं एक होतं गोल्डनडिक्ट. ते शब्दकोश बघायचं सॉफ्टवेअर! शब्दाचा उच्चार ऐकवायला ते व्हीएलसीचा भाग उसना घेई. प्लेअर बदलला की शब्दकोश बंद पडू शकतो, हे ऐकून हसू येईल, पण ते तसं होतं. आणि त्याच्या आधीच्या डेबियन ८ मध्ये अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरांचा गुंता एवढा होता, की तिथे ३.० देताच येणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. डेबियन ९ वर या, नाहीतर दुसरा प्लेअर वापरा, असा सल्ला दिला. मला हे आवडलं. ‘होत नाही’ हे स्पष्ट आणि वेळेवर सांगणारी माणसं कमी असतात.

अक्षरांइतकाच जवळचा प्रश्न आवाजाचा. अहेरीकडच्या एका तरुणाने माझ्याकडे एक मेमरी कार्ड आणलं. २००९ साली त्याच्या आजीचं गाणं त्याच्या मामांनी फोनवर घेतलेलं होतं. आजी पुढे दोन वर्षांनी गेली. “सर, चित्र येते जी, पन आजीचा आवाज येऊन नाही राहिला,” तो म्हणाला. चित्रात ओठ हलत होते. शाळेतून काढून टाकलेल्या संगणकावर जुना लिनक्स होता आणि त्याच्यावर जुना प्लेअर.

इथे जरा तांत्रिक बोलावं लागेल. फाइलच्या नावाला शेपूट असतं, थ्रीजीपी, एव्हीआय, एमपीफोर वगैरे. ते शेपूट म्हणजे टोपलीचं नाव. टोपलीत चित्र आणि आवाज असे दोन वेगळे जिन्नस असतात आणि ते वाळवून ठेवलेले असतात. मोहफुलं वेचून आणली की तशीच साठवत नाही आपण. वाळवतो, वजन आणि जागा कमी होते. चित्र आणि आवाज असेच वाळवले जातात, नाहीतर एका मिनिटाच्या चित्रणाने फोन भरून जाईल. वाळवायच्या आणि परत फुलवायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जुने बटणवाले फोन आवाजासाठी एएमआर नावाची पद्धत वापरत. ती मुळात फोनवरच्या संभाषणासाठी बनवलेली, कमीत कमी जागेत माणसाचं बोलणं बसवणारी. चित्राची पद्धत त्या प्लेअरला येत होती, एएमआर येत नव्हती. म्हणून ओठ हलत होते आणि गाणं मुकं होतं.

लिनक्सवर चित्र-आवाज फुलवायचं बहुतेक काम एफएफएमपेग नावाच्या प्रकल्पाच्या लायब्रऱ्या करतात. तो २००० साली फाब्रिस बेलार्द या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केला. व्हीएलसी त्याच लायब्रऱ्यांवर उभा आहे. एएमआरसाठी पूर्वी दुसऱ्यांचा भाग वेगळा जोडावा लागे आणि परवान्याच्या अडचणींमुळे अनेक संच तो देत नसत. २०१० च्या सुमारास एफएफएमपेगमध्ये त्यांचा स्वतःचा एएमआर फुलवणारा भाग आला. म्हणजे अडचण आजीच्या गाण्यात नव्हती आणि मेमरी कार्डातही नव्हती. संगणकावर नवा संच बसवला, त्याबरोबर नव्या लायब्रऱ्या आणि नवा व्हीएलसी आला, आणि आवाज आला. खरखरीत, टेलिफोनवरून बोलल्यासारखा. एएमआरची तेवढीच धाव. पण गाणं होतं.

एमपीथ्रीची कथाही थोडी अशीच आहे. तिच्यावर पेटंट होती. म्हणून फेडोरासारखे काटेकोर संच अनेक वर्षं एमपीथ्री वाजवायचा भाग देत नव्हते. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पातले हिरवे-पांढरे छोटे संगणक आले होते, भारतातला पहिला प्रयोग म्हणून. त्यांच्यावर फेडोरावर आधारलेली प्रणाली होती आणि भर ऑगसारख्या मुक्त पद्धतींवर होता. २०१६-१७ मध्ये एमपीथ्रीच्या पेटंटांची मुदत संपत आली, तिची मालकी सांगणाऱ्या जर्मन संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये परवान्यांचा कार्यक्रम बंद केला, आणि फेडोराने एमपीथ्री आत घेतली. इतकी वर्षं जे गाणं चहाच्या टपरीवर वाजत होतं, ते कायदा पाळणाऱ्या संगणकावर मुकं होतं.

आता आमच्या भागातली खरी अडचण. नवी आवृत्ती आणायची कशी? भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम आहे. मोठ्या पावसात पर्लकोटा चढली की तालुका बाकी जिल्ह्यापासून तुटतो, आणि तारा, टॉवर यांचीही खात्री नसते. २००५ ते २०११ या काळात उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल ही कंपनी मागेल त्याला संचाची सीडी टपालाने फुकट पाठवत असे. माझ्याकडे त्यातली दोन पाकिटं अजून आहेत. पोस्टमन ती द्यायला आला तेव्हा त्याला वाटलं होतं, परदेशातून गाण्यांची सीडी मागवली आहे. काही मासिकांबरोबरही लिनक्सच्या सीडी आणि डीव्हीडी येत. आता पेनड्राइव्ह आहे.

पण नुसती व्हीएलसीची एक फाइल पेनड्राइव्हवर टाकून नेली तर ती तलावाजवळ येऊन अडते. ‘मला अमुक आठ लायब्रऱ्या हव्यात,’ म्हणते. त्या आणल्या की त्यांना आणखी चार लागतात. यासाठी डेबियन आणि उबुंटूमध्ये एपीटी-ऑफलाइन नावाचं एक छान साधन आहे. खेड्यातल्या, नेट नसलेल्या संगणकावर ते चालवलं की काय काय लागेल याची एक छोटी यादी-फाइल बनवून देतं. ती पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याच्या किंवा चंद्रपूरच्या नेट असलेल्या संगणकावर जायचं. तिथे तेच साधन यादीप्रमाणे सगळ्या फायली उतरवून गठ्ठा बांधतं. गठ्ठा परत आणून गावच्या संगणकाला द्यायचा. बाजाराची यादी घेऊन आठवडी बाजाराला जाण्यासारखंच हे, फक्त यादी संगणक स्वतः करतो, म्हणून मीठ विसरत नाही. शिवाय हे गठ्ठे मूळ ठिकाणच्या सहीशिक्क्यानिशी येतात आणि ती सही तपासता येते. वाटेत कुणी काही मिसळलं असेल तर कळतं.

या सहीचं महत्त्व २०२२ मध्ये कळलं. त्या वर्षी फेब्रुवारीपासून व्हीएलसीचं अधिकृत संकेतस्थळ भारतात उघडेना. ते रोखण्यात आलं होतं. व्हीएलसीच्या मंडळींनी कायदेशीर नोटीस पाठवली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ पुन्हा मोकळं झालं. मधल्या नऊ महिन्यांत विंडोजवाले काय करत होते? जिथे मिळेल तिथून फाइल उतरवत होते, आणि अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या फाइलमध्ये काय असेल हे सांगता येत नाही. लिनक्सवाल्यांना बहुतेकांना पत्ताही लागला नाही, कारण त्यांचा व्हीएलसी फ्रान्सहून येतच नव्हता. तो त्यांच्या त्यांच्या संचाच्या भांडारातून येत होता आणि ती भांडारं उघडी होती. ज्या सावकाश रीतीला आपण वैतागतो, तिचा हा उपयोग.

नवी आवृत्ती घेण्याआधी मी दोन-तीन गोष्टी न चुकता करतो. मूळ फायलींना हात लावत नाही. त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर करून ती डिस्क कपाटात जाते. ‘आता ही थ्रीजीपी जुनी झाली, एमपीफोर करून टाकू आणि मूळ पुसू,’ असं पुष्कळ जण करतात. वाळवलेलं भिजवून पुन्हा वाळवलं की दर वेळी काहीतरी जातं. रूपांतर जरूर करा, पण मूळ ठेवा. पंधरा वर्षांनी कुणाकडे आजच्याहून चांगला फुलवणारा भाग असेल, आणि त्याला मूळच लागेल. दुसरं म्हणजे प्रत्येक प्रकारची एकेक फाइल, म्हणजे एक जुनी थ्रीजीपी, एक व्हीसीडी, एक सबटायटल असलेली, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. नव्या प्लेअरवर आधी त्या लावून बघतो. त्या नीट चालल्या तरच शाळेतले उरलेले संगणक बदलतो.

३.० मध्ये आणखी एक बदल होता आणि तो जुन्या संगणकांना बाधतो. चित्र फुलवायचं काम संगणकाच्या मुख्य मेंदूऐवजी चित्राच्या चिपकडे द्यायची सोय त्यात आपोआप चालू असते. नव्या यंत्रांत त्याने वीज वाचते. जुन्या यंत्रांत कधी हिरवा पडदा, कधी काळा. घाबरायचं नाही. सेटिंगमध्ये जाऊन ‘हार्डवेअर डिकोडिंग’ बंद करायचं.

आणि सबटायटलची फाइल युनिकोडमध्ये आहे ना, ते बघायचं. हे मी विशेषकरून सांगतो, कारण आपल्याकडे डीटीपीची परंपरा मोठी. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी या फॉन्टांमध्ये हजारो पानं टाइप झालेली आहेत. त्या पद्धतीत आत इंग्रजी अक्षरं असतात आणि वर मराठीचा मुखवटा. असा मजकूर सबटायटलमध्ये घातला तर कितीही नवा व्हीएलसी आणा, खाली इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसणार. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, फाइल जतन करताना यूटीएफ-८ निवडा, आणि संगणकावर एखादा चांगला देवनागरी फॉन्ट ठेवा. रेड हॅट कंपनीने मुक्त केलेला लोहित पुरतो.

गोंडीच्या स्वतःच्या लिपीचं काय, असं मला एका सभेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं होतं. “मराठीत लिहून देता, ठीक आहे जी. पण आमच्या अक्षरात कधी?” प्रश्न रास्त होता. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम गोंडी लिपी जून २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा नावाचं गाव आहे. तिथल्या हस्तलिखितांवरून ओळखली जाणारी गुंजाळा गोंडी लिपी जून २०१८ मध्ये आली. दोन्हींसाठी गुगलच्या नोटो मालिकेतले मोफत फॉन्ट आहेत. अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ करतं, आणि हार्फबझ आता प्लेअरच्या पोटात आहे. म्हणजे यंत्राच्या बाजूने रस्ता झाला आहे. ती लिपी वाचणारी, टाइप करणारी माणसं कमी आहेत, आणि ते काम सॉफ्टवेअरच्या आवृत्तीने होणारं नाही.

शेवटी जुन्या यंत्रांबद्दल. आमच्याकडचे बरेच दान आलेले संगणक ३२ बिटांचे आहेत, म्हणजे साधारण २००६-०७ च्या आधीच्या घडणीचे. उबुंटूने त्यांची साथ आधीच सोडली होती. डेबियनने बरीच वर्षं सोडली नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा संच निघाला नाही. म्हणून अशा यंत्रांवर मी डेबियन १२ बसवून ठेवतो. त्यातला व्हीएलसी ३.० आहे. वेलांटी जागेवर आहे आणि एएमआर वाजतं. ज्यांच्याकडे असं यंत्र असेल त्यांनी डेबियन १२ च्या ३२ बिटी संचाची एक प्रत आताच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी. पर्लकोटा चढायच्या आधी.